आधी कर्ज, मग वारसा

अब्बांचा जनाजा मंद्रूपच्या कब्रस्तानाजवळ ठेवला होता. सफी लागल्या. इमामसाहेब नमाजसाठी पुढे होण्याआधी थोरले भाईजान लोकांकडं वळले आणि म्हणाले, "अब्बांकडं कुणाचं काही देणं निघत असंल तर सांगा. इथं सांगा, नाहीतर घरी येऊन सांगा. ते आता माझ्यावर."

कुणी काही बोललं नाही. नमाज झाली, आम्ही माती दिली आणि घरी आलो.

तिसऱ्या दिवशी जियारत आटोपल्यावर शेजारच्या मळ्यातले आप्पा आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, उठले आणि परत बसले. "सांगावं का नको, कळंना. दुष्काळात तुमच्या वडलांनी माझ्याकडनं कडबा नेलेला. चार हजाराचा. लिहून काही नाही." भाईजानांनी पुरावा विचारला नाही. आठवड्याच्या आत पैसे पोचते केले. सातबारा, वाटण्या, बहिणींचा हिस्सा हे सगळं त्यानंतर.

यात आमच्या घरचं काही थोरपण नाही. रीतच तशी आहे. कुरआनच्या सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगितले आहेत, आणि ते वसीयत व कर्ज फिटल्यानंतरचे, हेही तिथेच सांगितलं आहे. पैगंबर साहेब (स.) जनाज्याच्या नमाजआधी विचारत, याच्यावर कर्ज आहे का? पुढे बैतुलमालमध्ये, म्हणजे सरकारी खजिन्यात पैसा आला तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की जो कर्ज मागे ठेवून जाईल त्याचं कर्ज माझ्यावर, आणि जो मालमत्ता ठेवून जाईल त्याची मालमत्ता त्याच्या वारसांची.

ही गोष्ट मला २०२०च्या डिसेंबरमध्ये पुन्हा आठवली, ती विधानसभेमुळे.

त्या वर्षी आमच्या सोलापूर जिल्ह्यानं पंढरपूरची दोन माणसं गमावली. १७ ऑगस्टला माजी आमदार सुधाकरपंत परिचारक गेले आणि २८ नोव्हेंबरला पंढरपूर-मंगळवेढ्याचे विद्यमान आमदार भारत भालके, सगळ्यांचे भारतनाना. वर्षभरापूर्वीच, २०१९च्या निवडणुकीत, हे दोघे एकमेकांसमोर उभे होते. निवडणूक जिंकलेला आणि हरलेला, दोघेही एकाच वर्षात गेले.

माझी फुफी मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडं दिलेली आहे. तिथल्या पस्तीस गावांचा पाण्याचा प्रश्न जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. पाण्यासाठी तिथल्या लोकांनी मतदानावर बहिष्कार टाकून पाहिला, कर्नाटकात जाऊ असंही म्हणून पाहिलं. नाना २००९, २०१४ आणि २०१९ असे तीनदा निवडून आले. दर वेळी त्यांचं निशाण वेगळं होतं, पाण्याचं भांडण मात्र तेच. फुफी कोणत्याही पक्षाची नाही. ती घागरीची आहे.

१४ डिसेंबरला मुंबईत अधिवेशन सुरू झालं. करोनामुळे ते दोनच दिवसांचं होतं. सभागृहानं नानांना श्रद्धांजली वाहिली. संध्याकाळी फुफीचा फोन आला. तिनं एकच विचारलं, "बेटा, पाण्याचं काय म्हणाले?"

मला उत्तर देता आलं नाही. चूक त्या दिवशी बोलणाऱ्यांची नव्हती. शोकप्रस्ताव कसा असतो, ते आपल्याला माहीत आहे. दिवंगत सदस्याचा जन्म कधीचा, शिक्षण किती, कोणकोणती पदं भूषवली ते वाचलं जातं. सगळ्या पक्षांचे लोक आठवणी सांगतात. विरोधकही मनापासून बोलतात, आणि ते ऐकायला खरंच बरं वाटतं. मग सगळे उभे राहतात, दोन मिनिटं शांतता असते. तो माणूस पाण्यासाठी भांडला, हेही आवर्जून सांगितलं जातं. पण ते पाणी आता कोण आणणार, हे सांगायला शोकप्रस्तावात जागाच नसते. आपल्या भाषेत सांगायचं तर मगफिरतची दुआ होते, कर्ज कुणी विचारत नाही.

वारशाची चर्चा मात्र लगेच सुरू होते. कायद्याप्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते, त्यामुळे मातीहून परतणारे लोक गाडीतच नावं मोजू लागतात. तासगाव-कवठेमहांकाळला आर. आर. पाटलांनंतर त्यांच्या पत्नी आल्या, पलूस-कडेगावला पतंगराव कदमांनंतर मुलगा, देगलूरला रावसाहेब अंतापूरकरांनंतर मुलगा, कोल्हापूर उत्तरला चंद्रकांत जाधवांनंतर पत्नी. लोकांनी रीतसर निवडून दिलं, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पंढरपूरला उलट झालं. १७ एप्रिल २०२१ला, ऐन दुसऱ्या लाटेत मतदान झालं आणि नानांचे चिरंजीव भगीरथ भालके यांना हरवून समाधान आवताडे निवडून आले. घरातला येवो की बाहेरचा, आधी वारसा ठरतो आणि कर्जाची वही कुणी उघडत नाही.

दिल्लीत तर दुःख कधी करायचं, यावरच वाद झाला होता. ३१ जानेवारी २०१७ला राष्ट्रपतींचं अभिभाषण चालू असताना मलप्पुरमचे खासदार ई. अहमद सेंट्रल हॉलमध्ये कोसळले आणि त्याच रात्री गेले. विद्यमान सदस्य गेला की लोकसभा त्या दिवसापुरती तहकूब करायची, असा प्रघात. पण १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प होता. सभापती सुमित्रा महाजन यांनी श्रद्धांजलीनंतर अर्थसंकल्प मांडू दिला आणि दुसऱ्या दिवशी कामकाज ठेवलं नाही. विरोधकांना ते पटलं नाही. मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं, एक दिवस इकडे की तिकडे, यावर आपण फार भांडलो. त्याच लोकसभेचा नियम असा आहे, की खासगी विधेयक मांडणारा सदस्य सदस्यच उरला नाही तर त्याचं विधेयक यादीतून निघून जातं. माणसाबरोबर त्याचं मागणंही दफन होतं. त्यावर कुणाचा आवाज चढल्याचं मी ऐकलं नाही.

ब्रिटनमध्ये २०१६ साली खासदार जो कॉक्स यांचा खून झाला. पुढच्या वर्षी तिथल्या सभागृहाच्या भिंतीवर त्यांच्या नावाची ढाल लागली. आपल्यात वेगळं करणाऱ्यापेक्षा जोडणारं जास्त आहे, असं त्या पहिल्या भाषणात म्हणाल्या होत्या. त्याच बोलण्यातले शब्द ढालीवर आहेत. रोज तिथं येणाऱ्या खासदारांसमोर ते असतात. म्हणजे तिथं नुसतं नाव नाही, त्या बाईंचं म्हणणं ठेवलं आहे. हे मला आवडलं.

आपल्याला ढालही नको. विधिमंडळात आश्वासन समिती आधीच आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे पाहणं तिचं कामच आहे. शोकप्रस्तावासोबत एक कागद पटलावर ठेवावा. या सदस्यानं मतदारसंघासाठी काय मागितलं, मंत्र्यांनी कोणता शब्द दिला, त्यातला कोणता अजून बाकी आहे, एवढंच त्यात असावं. तो कागद समितीकडे जावा आणि वर्षानं सभागृहात पुन्हा वाचला जावा. मुख्यमंत्र्यांनी उभं राहून म्हणावं, हे आता आमच्यावर.

कुणी म्हणेल, दुःखाच्या दिवशी हिशेब कशाला? त्यांनी एकदा आमच्या जनाज्याला यावं. हिशेब विचारल्यानं अब्बांची शान कमी झाली नाही. कुणी म्हणेल, नवा आमदार येतोच की. नेहमी येतो असंही नाही. खानापूरचे अनिल बाबर ३१ जानेवारी २०२४ला गेले. मुदत वर्षाहून कमी उरली होती, म्हणून पोटनिवडणूक झाली नाही. टेंभूच्या पाण्यासाठी आयुष्य घातलेल्या माणसाचा मतदारसंघ नोव्हेंबरपर्यंत आमदाराविना राहिला. आणि मंत्री शब्द देतो तो एकट्या आमदाराला नाही, सभागृहात देतो. आमदार गेला तरी सभागृह असतंच.

मंगळवेढ्याच्या पाणी योजनेचं काम पुढे हललं, २०२४ साली भूमिपूजनही झालं. गावांनी मागणं सोडलं नाही, म्हणून. फुफीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शेतात पाणी आलं की नानांसाठी दुआ करीन. तवर त्यांचं देणं बाकीच हाय." मी म्हटलं, फुफी, देणं नानांचं नाही. "मग ज्याचं आसंल त्याला सांग," ती म्हणाली.

म्हणून हे लिहिलं.