कौनासमधले दोन वाणिज्यदूत

विल्नियसहून कौनासला आगगाडीनं जायचं म्हणजे जेमतेम 100 किलोमीटर. दोन महायुद्धांमधल्या काळात विल्नियस पोलंडच्या ताब्यात होतं, तेव्हा कौनास ही लिथुआनियाची तात्पुरती राजधानी झाली आणि परदेशी वकिलाती इथे आल्या. झाल्याकाल्निसच्या टेकडीवरच्या वैझगांतो रस्त्यावर जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांचं घर आहे. हीच त्यांची कचेरीही होती. आता तिथे संग्रहालय आहे. 1940च्या जुलै-ऑगस्टमध्ये इथूनच त्यांनी ज्यू निर्वासितांना जपानमार्गे जाण्याचे ट्रान्झिट व्हिसे दिले.

सरकारी चौकट झुगारून एक माणूस माणुसकीला जागला, अशी ही कथा सहसा सांगतात. मला ती अपुरी वाटते. पुढच्या देशाचा परवाना आणि पुरेसे पैसे नसतील तर व्हिसा देऊ नका, असं टोकियोनं बजावलं होतं आणि सुगिहारांनी ते मानलं नाही, हे खरंच. पण माणसं वाचली ती वाणिज्यदूताच्या कसबानं. पुढचा देश दाखवायला हवा होता. तो यान झ्वार्टेनडाइक यांनी दिला. फिलिप्स कंपनीचे हे प्रतिनिधी नेदरलँड्सचे मानद वाणिज्यदूत होते. कॅरिबियनमधल्या कुरासाव या डच वसाहतीत जायला व्हिसा लागत नाही, असा शेरा ते मारत. तिथे उतरू द्यायचं की नाही हे गव्हर्नर ठरवतो, हा भाग ते मुद्दाम गाळत. त्या शेऱ्यावर सुगिहारांचा शिक्का बसला की सैबेरियातून व्लादिवोस्तोक आणि तिथून बोटीनं जपानमधलं त्सुरुगा, ही वाट निदान कागदावर खुली होई. सुगिहारा हार्बिनमध्ये रशियन शिकले होते, उत्तर मांचुरियातल्या रेल्वेच्या खरेदीसाठी सोव्हिएत अधिकाऱ्यांशी त्यांनी वाटाघाटी केल्या होत्या. कोणता कागद कुठे चालेल, याची जाण अशाच नोकरीत येते.

प्रत्येक अधिकारी स्वतःच्या मनानं वागू लागला तर राज्य कसं चालेल, हा आक्षेप मला हलका वाटत नाही. पण सुगिहारांनी काही लपवलं नाही. दिलेल्या व्हिशांची दोन हजारांहून अधिक नावांची यादी त्यांनी स्वतःच परराष्ट्र खात्याला पाठवली. कौनास सोडताना गाडी सुटेपर्यंत ते डब्यातून व्हिसे देत होते, हा प्रसंग सगळे सांगतात. मला ती यादी अधिक मोलाची वाटते. व्हिसा मिळालेले सगळेच निघू शकले नाहीत, हेही खरं. म्हणून काही निघालेल्यांचा प्रवास खोटा ठरत नाही.

1947 मध्ये सुगिहारांना खातं सोडावं लागलं. याद वाशेम या इस्रायलच्या होलोकॉस्ट स्मृतिसंस्थेनं 1984 मध्ये त्यांचा गौरव केला. झ्वार्टेनडाइक यांचा 1997 मध्ये, मृत्यूनंतर 21 वर्षांनी. कौनासला गेलात तर टेकडीवरच्या घरावरून परतू नका. खाली लाइस्वेस अलेया रस्त्यावर झ्वार्टेनडाइक यांचं स्मारक आहे, तेही पाहा.