घासलेले नाणे

आमच्या देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात दहा राणीछाप रुपये असत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते बाहेर निघत, ताम्हणात मांडले जात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाई आणि पाडव्याला ते पुन्हा डब्यात परतत. आई गेल्यानंतर अकरावा रुपया सापडला तो तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, काळवंडलेला. वाटणीच्या वेळी धाकटा म्हणाला, वजन करू, चांदीचा भाव लावू आणि निम्मे निम्मे घेऊ. त्याच्या म्हणण्यात गैर काहीच नव्हते. परंतु जुन्या नाण्याचे मोल केवळ चांदीत नसते, एवढे मी ऐकून होतो. ते कशात असते, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

मराठीत 'नाणावणे' असे एक क्रियापद आहे. नाणे पारखून घेणे हा त्याचा मूळ अर्थ. पारखून सिद्ध झालेला तो 'नाणावलेला'. खजिन्यात येणारी नाणी पारखणारा तो पोतदार. हे सारे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. प्रत्यक्षात एक रुपया हातात धरून त्याविषयी दोन वाक्ये बोलण्याची माझी पात्रता नव्हती.

मी राहतो बदलापुरात आणि शिकवतो उल्हासनगरात. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्यांच्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथल्या एका वृद्ध व्यापाऱ्यांना नाण्यांचा नाद आहे, असे एका विद्यार्थ्याकडून कळले. सगळे त्यांना 'दादा' म्हणतात. मी अकराही रुपये रुमालात बांधून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी टेबलावरचा एकच दिवा लावला, भिंग माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "सर, आधी तुम्ही नंबर लावा."

मी लावले. सर्वांत चकचकीत पहिला, तांदळातला काळा शेवटचा. दादांनी शेवटचा रुपया उचलून पहिल्या जागी ठेवला. "बाकीचे दहा घासलेले आहेत," ते म्हणाले. आवाजात ना दोष होता ना दया.

त्यानंतर चार रविवार मी त्यांच्याकडे शिकवणीला जावे तसा गेलो. नाणे कडेने धरायचे, बोटाचा ठसा पृष्ठभागावर उमटू द्यायचा नाही. झीज प्रथम उंचवट्यांवर होते. म्हणून राणीच्या मुकुटावरचे मोती, कानावरचे केस आणि गाल आधी पाहायचे, मग वस्त्रावरची नक्षी. कडेचे कंगोरे सलग आहेत का, माळेत ओवण्यासाठी कधी कडी डाखली होती का, हे बघायचे. टांकसाळीतून निघालेल्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात किती घट झाली ते काट्यावर पाहायचे. ठसा मुळातच दुबळा बसला असेल तर कोऱ्या नाण्यावरही केस पुसट दिसतात, तेव्हा त्याला झीज म्हणायचे नाही. सर्वांत अवघड गोष्ट झळाळीची. ठशाच्या दाबाखाली धातू पसरतो आणि त्यातून मूळची झळाळी येते. दिव्याखाली नाणे हळूच कलते केले की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. घासलेले नाणे लखलखते, पण त्यावर काही फिरत नाही. भिंगातून एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा तेवढ्या दिसतात. एकदा गेलेली ही झळाळी कोणत्याही उपायाने परत येत नाही. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड ही श्रेणींची नावे पाठ व्हायला एक दिवस पुरला. डोळा तयार व्हायला हे रविवारही पुरे पडले नाहीत.

तिसऱ्या रविवारी परतताना अंबरनाथला उतरलो. शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा लेख असलेले ते शिवमंदिर मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या दिवशी ते निराळे दिसले. मूर्तींची नाके, गुडघे, स्तन अशी पुढे आलेली अंगे पावसाने आधी नेली आहेत. खोबणींतली नक्षी अजून शाबूत आहे. जे बाहेर येते ते आधी झिजते. पण ही झीज होती; कुणी उजळवायला गेले नव्हते.

आमचे रुपये कुणी घासले, हा प्रश्न दादांनी विचारला नाही, मीही बोललो नाही. उत्तर मला माहीत होते. सातवीत असल्यापासून दर दिवाळीला ते काम माझे होते. त्याआधी आई रुपये नुसते दुधापाण्याने धूत असे. चिंच आणि रांगोळीची पूड लावून ते लख्ख करण्याची कल्पना माझी. "बघा, कसे आरशासारखे केलेत," असे ती शेजाऱ्यांना सांगे आणि पुढच्या वर्षी मी अधिक जोराने घासत असे. अकराव्या रुपयापर्यंत माझा हात पोचला नाही, कारण तो धान्यात लक्ष्मी म्हणून ठेवलेला होता. म्हणून तोच वाचला.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली, हे मी दरवर्षी शिकवतो. शुद्ध करणे आणि जुने राखणे या दोन्ही गोष्टी प्रेमातून घडू शकतात, असेही सांगतो. एकनाथांजवळ ग्रंथ नाणावण्याचा अधिकार होता. माझ्याजवळ रांगोळीची पूड होती आणि शाबासकीची हाव.

शेवटी मी अकरा छोटी पाकिटे केली आणि प्रत्येकावर साल, श्रेणी व शेरा लिहिला. उत्तरपत्रिका तपासताना विद्यार्थी ओळखीचा असला तरी गुण बदलत नाहीत, हा नियम इथेही पाळला. दहा पाकिटांवर 'घासलेले' असे लिहिताना हात अडखळला. धाकट्याला सगळे समजावून सांगितले. काळ्या रुपयाचे मोल दहांतल्या कोणत्याही एकापेक्षा जास्त आहे, हेही सांगितले आणि म्हटले, तूच आधी निवड.

त्याने एकेक पाकीट उघडून पाहिले. मग चकचकीतांपैकी पाच उचलले. "आईचे रुपये असेच दिसायचे," तो म्हणाला. "तो काळा तूच ठेव. मी तो कधी पाहिलेलाच नाही."

ते पाच कोणी चमकवले होते, हे मी त्याला तेव्हा सांगितले. तो म्हणाला, "माहीत आहे. चिंच मीच आणून द्यायचो."