एका अक्षराचे अंतर

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी चिलटे आपण हाताने हाकलतो. त्यांतल्याच ड्रॉसोफिला या माशीचे नाव शास्त्रशाखेच्या सहकाऱ्यांच्या तोंडून स्टाफरूममध्ये अनेकदा कानावर पडे. मराठीच्या अध्यापिकेचा तिच्याशी काय संबंध, असे मानून मी उत्तरपत्रिकांत डोके घालीत असे. अलीकडे या माशीच्या डोळ्याविषयी वाचले आणि एक जुनी, बोचरी आठवण वर आली.

या माशीचा प्रत्येक डोळा सुमारे 750 नेत्रिकांचा, म्हणजे स्वतंत्र बारीक भिंगे असलेल्या घटकांचा, बनलेला असतो. तो घडवण्यात आघाडीवर असणाऱ्या जनुकाचे नाव मात्र 'आयलेस', म्हणजे नेत्रहीन! 1915 मध्ये मिल्ड्रेड होग यांनी ज्या माश्यांवरून ते ओळखले, त्यांचे डोळे त्या जनुकातील बिघाडामुळे खुरटलेले किंवा नाहीसेच झालेले होते. जे डोळा घडवते, त्याला नाव मिळाले ते डोळ्याच्या अभावावरून. पुढे 1995 मध्ये बाझेल येथे वाल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक भलत्याच जागी जागवले गेले, तेव्हा माशीच्या पायांवर आणि पंखांवरही डोळे उगवले. उंदराचे समतुल्य जनुक वापरले, तरी उगवले ते माशीचेच डोळे.

एवढ्या कर्तबगार जनुकाने डोळ्याचा आकार बदलायचा, तर त्यात मोठीच उलथापालथ व्हावी, असे वाटेल. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने वेगळे चित्र दाखवले. अळीच्या शरीरात डोळा आणि शृंगिका एकाच पेशीसमूहातून घडतात. शृंगिका हे माशीचे नाक, आणि तिचा कानही. नराच्या पंखांचे प्रणयगीत मादी तिथेच ऐकते. आयलेसला आवर घालणारे 'कट' नावाचे प्रथिन डीएनएच्या ज्या नियामक भागावर येऊन बसते, तिथल्या एकाच अक्षराचा फरक या संशोधकांना सापडला. जनुकाने घडवायचे प्रथिन तेच राहते. बदलते ते त्याच्या कामाचे वेळापत्रक. तेवढ्यानेही सामाईक पेशीसमूहाची वाटणी बदलते. डोळ्याचा वाटा वाढला की शृंगिकेचा घटतो.

डोळा मोठा होण्याची ही एकच वाट नव्हे. मॉरिशसमधील ड्रॉसोफिला मॉरिशियाना आणि तिची जवळची नातलग ड्रॉसोफिला सिम्युलान्स यांच्यातला फरक मुख्यतः भिंगांच्या आकाराचा आहे, आणि त्यामागे दुसऱ्याच जनुकाच्या वेळेतील बदल आहे. पण माझे मन अडकले ते त्या एका अक्षरात. ते प्रयोगशाळेत घडवलेले नव्हते. दोन्ही अक्षरांच्या माश्या निसर्गात नांदतात. त्यांतली कोणती शुद्ध आणि कोणती अशुद्ध, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. हरिपाठ आणि शेकडो ओव्या तिला मुखोद्गत होत्या. साऱ्या ऐकून राहिलेल्या. एम.ए.ला असताना एका संध्याकाळी ती हरिपाठ म्हणत होती आणि मी छापील प्रत मांडीवर घेऊन बसले होते. एका ठिकाणी तिचा शब्द छापील शब्दाहून एका अक्षराने वेगळा आला. ''आजी, तू चुकलीस,'' मी म्हणाले. ''असेल बाई, तू शिकलेली,'' असे म्हणून ती गप्प झाली. त्यानंतर माझ्यासमोर तिने हरिपाठ म्हटला नाही. पाठभेद या विषयावर मी त्याच वर्षी पेपर लिहिला आणि त्यात मला चांगले गुण मिळाले.

माणसाचे वाचणे-ऐकणे म्हणजे माशीची उत्क्रांती नव्हे, हे मला कळते. माझा कान कोणत्या जनुकाने घटवलेला नाही. तो माझा मीच घटवला. आजीचा तो शब्द कोणता होता, हे आज मला आठवत नाही. मांडीवरच्या प्रतीतला छापील शब्द मात्र पानावरच्या जागेसकट डोळ्यांपुढे आहे.