अकरा महिन्यांचा करार आणि नवखा घरमालक

स्थावर मालमत्तेत पहिल्यांदाच पैसे गुंतवणाऱ्यांना मार्गदर्शन व्हावे अशी संपादकांची सूचना असली, तरी कोणत्या उपनगरात भाव वाढतील याचे भाकीत या लेखात नाही. भाड्याने देण्यासाठी घेतलेले घर डोईजड होते ते बहुतेकदा हिशेब अर्धवट मांडल्यामुळे आणि भाड्याच्या दस्ताकडे दुर्लक्ष केल्यामुळे, आणि दुसऱ्या कारणाविषयी सुशिक्षितांमध्येही इतका पक्का गैरसमज आहे की लेखाचा मोठा भाग त्यालाच द्यावा लागतो.

हिशेबाचे एक उदाहरण पुरेसे आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत ८० लाख रुपयांची सदनिका घेतली, तर सात टक्के दराने ५ लाख ६० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क धरून खरी गुंतवणूक ८५ लाख ९० हजारांवर जाते. भाडे दरमहा २० हजार धरले, तर वर्षाचे २ लाख ४० हजार होतात आणि जाहिरातींत सांगितला जाणारा तीन टक्क्यांचा परतावा तो हाच. परंतु त्यातून सोसायटीची देखभाल वर्गणी ३६ हजार, मिळकतकर १२ हजार, दुरुस्ती १२ हजार आणि घर रिकामे राहिलेल्या एका महिन्याचे २० हजार वजा केले, की हाती १ लाख ६० हजार, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी उरतात. साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले असेल, तर मासिक हप्ता सुमारे ५२ हजारांचा असतो, तेव्हा भाड्यातून हप्ता फेडण्याची कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही. असे घर घेणारा प्रत्यक्षात भाववाढीवर भिस्त ठेवत असतो, आणि ते त्याने स्वतःशी स्पष्ट मान्य केलेले बरे.

खरेदीपूर्वीच्या तपासणीबद्दल लोक आता बरेच सावध झाले आहेत. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, आधीच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, इमारत राहण्यायोग्य असल्याचे महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र आणि नव्या प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी पाहिली जाते, तसेच नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही हेही अनेकांना माहीत असते. हीच माणसे घर भाड्याने देताना मात्र एजंटाने आणलेल्या छापील कागदावर न वाचता सही करतात.

महाराष्ट्रात घर सहसा 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीने दिले जाते. भाडेपट्ट्यात मालमत्तेतील हितसंबंधच काही काळापुरता भाडेकरूकडे जातो, तर या करारात राहण्याची केवळ परवानगी मिळते आणि कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. या पद्धतीमागे एक कटू इतिहास आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली, त्यातून सुटण्यासाठी मालकांनी परवानगीच्या कराराची वाट धरली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला घरात राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. घर दिले की गेले, ही मराठी मध्यमवर्गाची भीती त्या काळातली आहे आणि ती त्या काळी रास्तही होती. परंतु ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे १९९९ च्या अधिनियमाने, परिस्थिती बदलली. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर निवासी जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध मालकाला दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि लेखी करारात नमूद केलेली गोष्ट निर्णायक पुरावा मानली जाते.

या संरक्षणाची दुसरी बाजू कलम ५५ मध्ये आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आलेली आहे, कारण त्यात एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ही सवलत उरलेली नाही. हे वारंवार सांगूनही नोटरीचा शिक्का म्हणजेच नोंदणी असे मानणारे घरमालक भेटत राहतात, याचा शीण येतो. सध्या अनिर्णित असलेल्या एका प्रकरणात आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घराचा असाच नोटरी केलेला करार आहे, आणि अनामत रक्कम मालक सांगतो त्याच्या तिप्पट दिली होती हे राहणाऱ्याचे म्हणणे खोडून काढण्याचा भार आता मालकावर आहे.

कलम २४ च्या स्पष्टीकरणात केवळ 'लेखी' करार म्हटले आहे आणि 'नोंदणीकृत' हा शब्द कलम ५५ मध्ये आहे, त्यामुळे नोंदणी नसली तरी कलम २४ चा लाभ मिळतो असा युक्तिवाद काही वकील करतात. विद्वत्तेच्या दृष्टीने तो विचारार्ह आहे, परंतु त्याची परीक्षा नवख्या गुंतवणूकदाराच्या खर्चाने व्हावी हे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. वरील उदाहरणातील घरासाठी ६० हजारांची परतीची अनामत धरून अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्या आत बसते, शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये असते, आणि नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या अंगठ्याचा ठसा देऊन होते. पाऊण कोटीच्या वर गुंतवणाऱ्याने हा खर्च वाचवावा याचे समर्थन कोणत्याही हिशेबात सापडत नाही.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क लावते, तेही या हिशेबात धरावे. २००१ च्या शासन आदेशानुसार ते महापालिका कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि जास्त मागणी आल्यास लेखी हरकत घ्यावी. निवासी घराचा परतावा कमी पाहून अनेकजण अधिक भाड्याच्या आशेने दुकानगाळ्याकडे वळतात, त्यांनी मात्र कलम २४ चा जलद मार्ग केवळ निवासासाठी दिलेल्या जागेला लागू आहे हे आधी जाणून घ्यावे, कारण मुदत संपल्यावर गाळा सोडला गेला नाही, तर ताब्यासाठी न्यायालयात नेहमीचा दावाच लावावा लागतो, आणि त्याला लागणारा काळ गाळ्याच्या वाढीव भाड्यातून वजा करूनच दोन्हींची तुलना करावी लागते.