टाकीचा जोड

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या डाव्या कानाला बारीक आवाज येत नाहीत. रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो, भाच्याची हाक ऐकू येते, पण जीपच्या पेट्रोल टाकीच्या पत्र्यावर टिचकी मारली की ठणठणीत पत्रा कुठे संपतो आणि खाल्लेला कुठे सुरू होतो, ते आता कळत नाही. हे काम मी आयुष्यभर कानावर केलं. आता टिचकी मी मारतो आणि ऐकतो भाचा. तो म्हणतो, "मामा, इथं बद्द वाजतंय," आणि मी तिथे खडूने खूण करतो.

माझ्याकडे येतात त्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपच्या टाक्या. ड्रायव्हरच्या सीटखाली बसणारी, साधारण ५७ लिटरची टाकी. गाडीचा मालक कागद दाखवतो, मी आधी सीट उचलतो. तोंड सीटखाली असेल तर युद्धकाळातली असण्याची आशा धरायची. झाकण बॉडीच्या बाहेर आलं असेल तर ती पुढच्या, नागरी वापराच्या सीजे जीपची पद्धत. आमच्या भागात अनेक जण सांगतात की त्यांची जीप १९४८ च्या हैदराबादच्या पोलिस ॲक्शनमध्ये फौजेबरोबर जालन्यात आली. मग पाहतो तर उंच बॉनेटची सीजे-३बी, जी मुळात अमेरिकेतच १९५३ साली निघाली. आजोबांची आठवण खोटी नसते, फक्त ती दुसऱ्या जीपची असते. सुरुवातीच्या टाक्यांचा तळ चौकोनी कोपऱ्यांचा आणि तोंड लहान, नंतरच्यांचा तळ गोलसर आणि तोंड मोठं. जमिनीच्या पत्र्यातला खळगाही तसाच बदलला, म्हणून टाकी आणि खळगा एकमेकांशी जुळतात का, हे पाहायचं. टाकी बांधणाऱ्या पट्ट्यांच्या बोल्टवर फोर्डचा एफ आहे म्हणून टाकी फोर्डची, असं मानणारे व्यापारी मला पटत नाहीत. बोल्ट या गाडीतून त्या गाडीत सहज जातात.

पण ओळख हा सोपा भाग. माझं सगळं डोकं खाल्लं आहे ते तळाजवळच्या जोडाने. तिथे दोन पत्रे एकावर एक येतात. कारखान्याने ते रोलरखाली वेल्ड केलेले असतात, शिलाई मशीनची टीप असावी तशा सारख्या खुणा ओळीने दिसतात. हीच ती अस्सलपणाची सही. आणि गंजही नेमका इथेच शिरतो. पेट्रोलमधलं पाणी जड, ते तळाला बसतं, दोन पत्र्यांच्या फटीत जातं आणि बाहेरून काही न दिसता आतल्या आत खात राहतं. फटीतला गंज कानशीला लागत नाही, ब्रशला लागत नाही. गंजावर झाळ धरत नाही. जोड उघडला तर स्वच्छ होतो, पण कारखान्याची ती टीप कायमची गेली. न उघडता वरून झाळ ओढली तर दिसायला सुंदर, आणि महिन्याभराने मालकाचा फोन, सीटखाली वास येतोय.

शेवटी मी मळीवर आलो. उसाची मळी पाण्यात कालवायची आणि टाकी आठवडेच्या आठवडे त्यात बुडवून ठेवायची. ती गंज सोडवते, निरोगी पोलादाला त्रास देत नाही. गांधीलमाश्या येतात, शेजारी बोलतात, पण फटीत पोहोचणारं दुसरं काही मला मिळालं नाही. त्यानंतर ऊब इतकी सावकाश द्यायची की फटीत अडकलेला जुना वास आधी निघून जावा आणि मगच कथील आत ओढलं जावं. ओढलं गेलं की नाही, ते कानाने कळायचं. जोड भरला की त्याचा आवाज बदलतो. म्हणून हा कान जाणं मला इतकं लागलं.

मुंबई-पुण्याकडचे काही कारागीर टाकीत रसायन ओतून आतून कोटिंग करतात आणि एका दिवसात गाडी परत देतात. हे काम मी दुरुस्ती मानत नाही. खालचा गंज जिवंत असेल तर कोटिंग कधीतरी पापुद्र्याने सुटतं आणि कार्बुरेटरमध्ये जाऊन बसतं. त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, शिशा-कथलाचा मूळ मुलामाही त्याच्यापुढे फारसा टिकत नाही. वर्षभर शेडमध्ये अर्धी भरलेली उभी राहणारी प्रदर्शनाची जीप सगळ्यात लवकर सडते.

उलट शेतावर राबलेल्या, डिझेल इंजिन बसवलेल्या जीपची टाकी आतून कितीतरी चांगली निघते. डिझेलचा तेलकट थर पत्रा सांभाळतो. फक्त तिला परतीच्या डिझेलसाठी वर एक जादा भोक पाडून पितळेने नळी डागलेली असते. मालक म्हणतात, ती बुजवा, कारखान्यासारखी करा. मी नळी कापतो, पण खालचा पितळी डाग घासून काढत नाही. कुण्या गावच्या मिस्त्रीने तो जीव लावून दिलेला आहे.

माझाही अभिमान सांगतो. माझी झाळ कुणाला सापडू नये अशी करतो आणि पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी स्वतःची छोटी खूण कोरतो. कुणीतरी कधीतरी पट्टी सोडेल आणि पाहील, ही हाव अजून सुटलेली नाही. भाच्याने परवा विचारलं, आता खूण कुणाची? दोघांची कोरली.

जालन्याच्या भट्ट्यांत देशभरातलं भंगार येतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. त्यात जीपच्या टाक्याही जातात, कारण चेपलेली टाकी कुणाला टाकी वाटत नाही. भंगारवाल्यांना आणि जुन्या जीपवाल्यांना माझं सांगणं आहे: सीटखालची टाकी वेगळी काढा, तळाचा बूच उघडून पूर्ण निथळू द्या, कोरड्या जागी ठेवा. आत काही ओतू नका. चेपलेली, भोकं पडलेली असली तरी चालेल, तळाचा जोड शाबूत असला म्हणजे झालं.