बांधावरचा रानउडीद नोंदवहीत आहे का?

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात. ती वाढवायला शास्त्रज्ञ चीन-जपानकडच्या रानटी सोयाबीनशी संकर करतात. त्यात प्रथिनं जास्त, पण वेल लोळतो, दाणा बारीक, शेंग वाळली की तडकते. हे अवगुण घालवायला पुन्हा पुन्हा शेतातल्या वाणाशी संकर करावा लागतो. वर्षं जातात.

आपण कसाऱ्याकडचे काही सोयाबीनवाले नाही. आपलं भात, नाचणी, वरई आणि वरकस जमिनीवर उडीद. पण उडदाचा रानटी भाऊबंद आपल्या सह्याद्रीतच उगवतो. त्याच्या काही नमुन्यांना साठवणीतला भुंगाही सहसा लागत नाही. घाटाखाली एका आजीला विचारलं, तर म्हणाली, "त्याला कोण खातंय? तण ते." मी तरी काय, इतकी वर्षं बातम्या केल्या, याची एकही नाही.

तणनाशक, जेसीबी, वणवा यांत ते संपलं, तर परत कुठून आणणार? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. येत्या ग्रामसभेत ती मागा. रानउडीद त्यात नसेल, तर तिथेच लिहून घ्यायला लावा.