वारा पारखणाऱ्यांच्या गावी

फुटाळा आणि अंबाझरीच्या काठी वाढलेल्या आम्हा नागपूरकरांना समुद्र कुठल्याही दिशेने लांबच. पॅरासेलिंगची हौस मनात होती, म्हणून मडगावची गाडी धरली. कपाशीची काळी रानं मागे पडली, रात्रीतून घाट उतरला, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपला आणि खिडकीबाहेर कोकण हिरवंगार उभं राहिलं. कुडाळला उतरून मालवण गाठलं.

बोट चालवणारा तरुण गाबीत मच्छीमार घरातला. वडील अजून रापणीचं जाळं ओढतात. बोट खोल पाण्यात नेल्यावर तो काही वेळ नुसता लाटांकडे आणि काठीवरच्या फडक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “वारो बरो आसा. वाढलो की धंदो बंद.”

छत्री उलगडली. तिच्या कापडात मागच्या बाजूला फटी असतात. त्यांतून हवा मागे सुटते आणि छत्री स्थिर राहून वर चढते. १९६१च्या सुमारास फ्रान्सच्या पिएर-मार्सेल लेमॉयन यांनी ही घडण सिद्ध केली. पुढे बोटीवर दोर सोडणारी-गुंडाळणारी विंच आली आणि वाळूत धावण्याऐवजी थेट डेकवरून उडता येऊ लागलं.

माझे पट्टे आवळले, बोट वाऱ्याच्या तोंडावर वळली आणि संक्रांतीला गच्चीवरून पतंगाला ढील द्यावी तसा दोर सुटत गेला. धक्का बसलाच नाही. इंजिनाचा आवाज विरला आणि समोर सिंधुदुर्ग उलगडला. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला किनाऱ्यावरून लांबट काळी भिंत वाटतो. वरून तटाची वळणं, आतल्या नारळी, भोवतालचे पाण्याखालचे खडक, सगळं स्पष्ट दिसत होतं. वारा, भरती आणि खडक यांची केवढी जाण असलेल्या माणसांनी ही जागा निवडली असेल!

तीच जाण आज या खेळाला तारते. वर गेलेल्याच्या हाती काहीच नसतं. वारा एकाएकी वाढला तर दोरावरचा ताण भलताच वाढतो. दोर तुटला तर छत्री वारा नेईल तिकडे जाते. म्हणून भाव विचारण्याआधी वारा विचारावा, लाइफ जॅकेट आणि पट्टे स्वतः तपासावेत. एवढ्या लांबून आलो म्हणून हट्ट तर मुळीच धरू नये. “आज नाही” असं तोंडावर सांगणारा बोटवाला भेटला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच बोटीत बसावं.